हजच्या आधीची माफी

तुम्ही शेवटचं कुणाच्या दारात जाऊन ‘माझं चुकलं’ म्हणालात, तेव्हा आधी विमा कंपनीची परवानगी घेतली होती का?

हसू नका. मी एका माणसाबद्दल सांगते आहे, ज्याने ती घेतली नव्हती. त्यामुळे दुसऱ्या एका माणसाला त्याच्या निकामी झालेल्या पायाची भरपाई मिळणार की नाही, हे अडून बसलं. हा दुसरा माणूस म्हणजे माझे खालू, माझ्या खालाचे, म्हणजे आईच्या बहिणीचे, यजमान. ही नव्वदीच्या दशकातली गोष्ट आहे, बहारीनमधली.

त्या वर्षांकडे वळून पाहिलं की मला सगळं पाण्याखालून दिसतं. दुपारी राजधानी मनामा झोपायचं. दुकानांची शटरं खाली यायची, रस्त्यात एखादं मांजर गाडीच्या सावलीत पाय पसरून पडलेलं असायचं, आणि गल्लीगल्लीतून खिडक्यांमधल्या एसींची एकच लांब घरघर ऐकू यायची, जणू सगळं शहर एका मोठ्या छातीने श्वास घेतंय. हवेत इतकी वाफ असायची की समुद्र कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नसे. सीफच्या बाजूला समुद्रात भराव टाकणं चालू होतं. काल जिथे पाणी पाहिलं तिथे आज ट्रक उभा असायचा, आणि ट्रकवाला त्या नव्या जमिनीवर चटई टाकून झोपलेला असायचा. सित्र्याच्या रिफायनरीची ज्योत भर दुपारीही जळायची, पण उन्हात ती इतकी फिकी दिसायची की ती खरंच आहे की आपल्या डोळ्यांना भास होतोय, असं वाटायचं.

मी तिथे गेले ती चिपळूणहून. वडिलांचा चिपळुणात लहानसा छापखाना होता. लग्नपत्रिका आणि बिलबुकं छापून पोट भरायचं आणि रात्रपाळीला पत्रकं छापायची, असा त्यांचा संसार. धरणाविरुद्धची पत्रकं, तलाकविरुद्धची, रेशन दुकानदाराविरुद्धची. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांच्या ओल्या प्रुफांवर. प्रत्येक पत्रकात शेवटी एकच गोष्ट असायची: कुणीतरी कुणाचं तरी काहीतरी घेतलंय, ते परत द्या. मला जग तेवढंच सोपं वाटायचं. बहारीनमध्ये मात्र त्या दिवसांत छापील कागद वाटणं म्हणजे स्वतःचा व्हिसा स्वतःच्या हाताने फाडणं. भिंतींवर रात्री सरकारविरुद्धच्या घोषणा उगवायच्या आणि सकाळपर्यंत त्यांच्यावर रंगाचे चौकोन बसायचे. भाड्याच्या देशात गप्प राहायचं, हे खालाने मला विमानतळावरून घरी येतानाच सांगितलं होतं.

मला एका विमा एजंटच्या ऑफिसात टायपिस्टची नोकरी लागली. ऑफिसचे साहेब पुण्याचे. शांत, दुपारच्या डब्यानंतर बडीशेप चावत बसणारे. दुकानांचे, गोदामांचे, गाड्यांचे विमे आमच्याकडे होते, आणि काही डॉक्टरांचेही. डॉक्टरांचा विमा म्हणजे असा, की डॉक्टरच्या हातून चूक झाली आणि रुग्णाचं नुकसान झालं, तर भरपाई कंपनी देणार. पण एका ठरलेल्या रकमेपर्यंतच. त्या रकमेला साहेब ‘छत’ म्हणायचे.

“म्हणजे माणूस कितीही मोडला तरी भरपाई छतापर्यंतच?” मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

“छत नसेल तर हप्ता कोण भरणार? आणि हप्ता परवडला नाही तर डॉक्टर दवाखाना बंद करतो. मग तुझा मोडलेला माणूस जाणार कुठे?”

“छत डॉक्टरच्या डोक्यावर आहे. माणूस उन्हातच उभा आहे.”

“हे कुठल्या पत्रकात वाचलंस?” ते म्हणाले आणि बडीशेपेची डबी माझ्यापुढे सरकवली.

खालू शहराबाहेर अस्करला अॅल्युमिनियमच्या कारखान्यात एका ठेकेदाराकडे क्रेन चालवायचे. मैदानातली क्रेन नव्हे. लांबच लांब शेडच्या छपराखाली रुळांवर सरकणारी, तिच्या पोटाशी टांगलेल्या खोलीत बसून चालवायची. खाली दोन्ही बाजूंना झाकलेल्या आगीच्या भट्ट्या. तिथे विजेचा प्रवाह एवढा, की त्याच्या ओढीने मनगटी घड्याळं बंद पडायची आणि खिशातल्या किल्ल्या आपोआप हलायच्या. खालूंनी घड्याळ वापरणंच सोडलं होतं. “वर बसलो की तरंगल्यासारखा होता,” ते सांगायचे. “खाली माणसं बोलतात, ऐकू येत नाय. आग दिसते, जळत नाय. झोपेत चालतो तसा.” त्यांच्या तोंडून ऐकलं की मला तो कारखाना दाभोळच्या खाडीवर पहाटे पसरतं तसल्या धुक्यातला वाटायचा. प्रत्यक्षात तिथे अंग भाजून निघायचं हे त्यांच्या मानेवरून कळायचंच.

त्या खोलीत जायला उभी लोखंडी शिडी होती. दोन्ही पायांना शिडीची पायरी कळायला हवी.

पाय गेला तो साध्या तापापायी. हिवाळा होता, सगळ्या मनामाला खोकला झाला होता. आमच्या लोकांचा एक डॉक्टर होता, आमच्याच तालुक्यातला, खाडीपलीकडच्या गावचा. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचा दवाखाना. खालू त्याला त्याच्या लहानपणापासून ओळखायचे, त्यामुळे अरेतुरे करायचे. सुट्टी शुक्रवारची, म्हणून गुरुवारी संध्याकाळी सगळ्या कंपन्यांच्या बसेस माणसं आणून सोडायच्या आणि दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसायची. आता आमच्याकडची रीत अशी की सुई घेतल्याशिवाय ताप उतरत नाही. गोळ्या देतो तो कंपाउंडर, सुई देतो तो डॉक्टर. खालूंनी सुई मागितली. सुई द्यायला केरळची नर्स आली, तर खालूंनी लुंगीची गाठ दोन्ही हातांनी धरून ठेवली. बाईमाणसाकडून कमरेत सुई घेणार नाही. डॉक्टरने नर्सला बाहेर पाठवलं. मग खालू टेबलावर पालथे पडायला तयार होईनात. दाराला पडदा होता आणि पडद्यापलीकडे अर्धा गाव बसला होता. ते उभेच राहिले, लुंगी चार बोटं खाली करून. डॉक्टरने त्यांच्या लाजेचा मान राखला आणि जेवढी जागा दिसत होती तेवढ्यात सुई दिली.

पाठीपासून टाचेपर्यंत वीज गेली, असं खालू म्हणायचे. घरी आले तेव्हा पाऊल उचललं जात नव्हतं. जिना चढताना ते जमिनीवर ओल्या कपड्यासारखं थपकन आपटायचं. सुई कमरेतून पायात जाणाऱ्या मज्जातंतूला लागली होती, तो मेला. पुढे मोठ्या इस्पितळात गेलो, विजेच्या पट्ट्या लावल्या, पायाला पोटरीपासून तळव्यापर्यंत प्लॅस्टिकचा साचा आला. कारखान्याच्या तपासणीत शिडी चढता आली नाही. ठेकेदाराने काही महिने खाली साधं काम दिलं आणि सांगितलं की करार संपेपर्यंत बघू. करार संपला की व्हिसा खलास.

खालूंना त्या पायाची भरपाई मिळाली तर गावी जाऊन काहीतरी बसून करता येईल, नाही मिळाली तर खाला पुन्हा लोकांच्या घरी भाकऱ्या भाजायला लागेल. इतकं सरळ होतं ते. डॉक्टरचा विमा आमच्याच ऑफिसमधून होता. मी खालूंच्या मागे लागून दावा लावायला लावला. “ही भीक नाय, हक्क आहे,” मी म्हणाले. खालाला ते पटलं. खालू मात्र कुरकुरत राहिले. “आपल्या पोराच्या विरुद्ध?”

“त्याच्या विरुद्ध नाय हो. त्याच्या कंपनीकडून.”

दावा लागला त्या दिवशी साहेबांनी डॉक्टरला फोन केला. माझ्या टेबलावरून ऐकू येत होतं. “एक लक्षात ठेवा. रुग्णाशी बोलायचं नाही. भेटायचं नाही. चूक झाली असं कुठे कबूल करायचं नाही, नाहीतर कंपनी हात वर करेल. बाकी आम्ही बघतो.” ही अट पॉलिसीतच होती. ती मी कितीदा टाइप केली होती, बोटांना पाठ होती. पण बोटांना पाठ असलेलं वाक्य माणसाला काय करतं ते मी तेव्हापासून पाहिलं.

डॉक्टर दिसेनासा झाला. पूर्वी तो शुक्रवारी नमाजानंतर खालाच्या हातचं मासळीचं कालवण खायला यायचा. आता मशिदीतून दुसऱ्या दाराने जायचा. एकदा सोन्याच्या बाजाराजवळ खालू आणि मी चाललो होतो, समोरून तो आला, थबकला आणि एका दुकानात शिरला. घागऱ्यांचं दुकान होतं ते. तो काचेआड उभा, हातात कुठलातरी जरीचा कपडा, आणि इकडे रस्त्यावर खालू, साचा घातलेला पाय पुढे करून. दोघं एकमेकांना बघत होते. पांढऱ्या उन्हात ती काच एवढी चमकत होती की डॉक्टरचा चेहरा मला तरंगत असल्यासारखा दिसला, बुडणाऱ्या माणसाचा दिसावा तसा.

घरी येऊन खालू म्हणाले, “पाय गेला ता गेला. सलामपण गेला?”

“त्याला बोलायला मनाई आहे,” मी सांगितलं.

“कोणाची मनाई?”

“कंपनीची.”

“सलामावर कंपनी?” ते हसले. पण त्या दिवसापासून त्यांनी डॉक्टरचं नाव काढणं बंद केलं. पायापेक्षा त्यांना हे जास्त लागलंय, हे खालाला आणि मला दोघींनाही कळत होतं.

मी साहेबांशी भांडले. ते म्हणाले, “अगं, अट उगाच नाही. उद्या डॉक्टर आणि रुग्ण संगनमत करतील. डॉक्टर म्हणेल हो बाबा, माझीच चूक, आणि पैसे कंपनीचे.”

“मग खरं काय ते तपासा. बोलणाऱ्याला शिक्षा कशाला?”

“तू अजून लहान आहेस.”

“खालूंचा पाय मोठा आहे ना.”

एसीच्या आवाजात आम्ही दोघं आपापले कागद बघत बसलो.

मग हजचे दिवस आले. आमच्याकडे हजला निघणारा माणूस आधी घरोघर जातो. ज्याचं देणं असेल त्याचं देतो, ज्याला दुखावलं असेल त्याची माफी मागतो. बंद्याचं बंद्याने, म्हणजे माणसाचं माणसाने, माफ केल्याशिवाय हज कबूल होत नाही, असं लहानपणापासून कानावर असतं. त्याचे शब्दही ठरलेले: बोलण्याचालण्यात काही कमीजास्त झालं असेल तर अल्लाच्या वास्ते माफ करा. समोरच्याने म्हणायचं, माफ आहे, तुम्हीपण करा. यात काय कमी आणि काय जास्त, हे कुणी सांगत नाही, कुणी विचारत नाही. डॉक्टर त्या वर्षी हजला चालला होता, बसने, समुद्रावरच्या पुलावरून सौदीत उतरून.

शुक्रवार होता. आमच्या दोन खोल्यांत गावचे सात-आठ जण जेवायला बसलेले. दार वाजलं आणि डॉक्टर आत आला. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर भाताचं पातेलं घेऊन उभी होते. घास हातातच राहिले सगळ्यांचे. त्याने बूट काढले, सलाम केला आणि ठरलेले शब्द सगळ्यांना मिळून म्हटले. सगळे म्हणाले, माफ आहे, माफ आहे. खालूही पुटपुटले. झालं होतं. शब्द म्हणून झाले होते, हजचा रस्ता मोकळा होता आणि विम्याची अटही मोडली नव्हती. कारण हे तर प्रत्येक हाजी प्रत्येक दारात म्हणतो. मी श्वास सोडला.

तो दाराशी गेला. एक बूट घातला. दुसरा हातात धरून थोडा वेळ वाकलेलाच राहिला. मग तसाच, एका पायात बूट घालून, आत आला. खाला बुटाकडे बघत राहिली. तिच्या घरात असं कधी कुणी आलं नव्हतं. तो खालूंच्या पायाशी जमिनीवर बसला आणि साच्यावर हात ठेवून म्हणाला, “सुई चुकीच्या जागी गेली. तुम्ही लाजत होता, मला कळत होतं. झोपा, असं मी दरडावून सांगायला हवं होतं. बाहेर गर्दी होती, मी घाई केली. चूक माझी आहे. पाय तुमचा गेला.”

खोलीत दुपारचं ऊन पडद्यातून पाझरत होतं आणि ताटांवर, पाण्याच्या ग्लासांवर, त्याच्या खाली घातलेल्या मानेवर सारखंच पडत होतं. माझ्या हातातलं पातेलं गरम होतं आणि मला ते खाली ठेवायचं सुचत नव्हतं. वडिलांच्या एकाही पत्रकात असं काही नव्हतं. घेणारा स्वतःहून परत द्यायला आला होता, आणि त्याने तोंड उघडलं त्याच क्षणी देण्यासारखं काही उरलं नव्हतं. खोलीत हे फक्त त्याला आणि मला माहीत होतं.

खालूंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. “जेवलास काय?” ते म्हणाले. “माफ केलं. बस. काढ तो बूट.”

पुढे जे झालं ते खालूंनी स्वतःच केलं. त्यांना आनंद झाला होता. इतक्या महिन्यांनी त्यांना कुणीतरी काहीतरी परत दिलं होतं, आणि ते त्यांनी सगळ्यांना दाखवलं, नवीन घड्याळ दाखवावं तसं. न्हाव्याकडे सांगितलं. अस्करच्या बसमध्ये सांगितलं. मासळीबाजारात मल्याळी मासेवाल्याला हिंदीत सांगितलं. “डॉक्टर असून माझ्या पायाजवळ बसला, बोल.” प्रत्येक सांगण्यात डॉक्टर थोडा जास्त रडायचा. गोष्ट फिरत फिरत आमच्या ऑफिसात पोचली तेव्हा डॉक्टर सौदीत होता.

साहेबांनी मला बोलावलं. “कंपनीने विचारलंय. मला जबाब घ्यावा लागेल. उद्या दुपारी येतो तुमच्याकडे.” मग जरा थांबून म्हणाले, “हज म्हटलं की सगळेच माफी मागतात ना? तशी रीतच आहे असं ऐकलंय.”

ते मला वाट दाखवत होते. मी ती घरी नेली. रात्री खालाने खालूंना समोर बसवलं.

“साहेब विचारतील, डॉक्टर काय बोलला. सांगायचं, सगळे बोलतात ता बोलला. कमीजास्त माफ करा. खलास.”

“आणि पुढचा?”

“पुढचा तुम्ही ऐकलाच नाय.”

“अख्ख्या बसने ऐकला.”

“बस काय जबाब देणार हाय?”

खालू माझ्याकडे वळले. “तू सांग बाय. तुझा बाप काय म्हणाला असता?”

खालाने मला बोलू दिलं नाही. “तिचा बाप पत्रकं छापतो. तो काय शिडी चढतो?” मग ती मवाळ झाली. “माफ केलंत ता बरं केलंत. मी काय नको म्हणते? पण माफी मनाची. पायाचा हक्क वेगळा. तो का सोडायचा?”

खरं सांगायचं तर मला तिचं पटत होतं. कंपनीने एका माणसाची जीभ बांधली, आता आपण आपली थोडी आवरली तर बिघडलं कुठे? छत कंपनीचं, अट कंपनीची. त्या खोट्याने कुणाचं काय जाणार होतं? मी हेच खालूंना म्हणाले. ते पायाचा साचा काढून पोटरी चोळत राहिले.

दुसऱ्या दिवशी साहेब आले ते भर दुपारी, गल्ली झोपलेली असताना. चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या. खालाने सरबत दिलं.

“भाभी, त्रास कशाला,” असं म्हणत त्यांनी ग्लास घेतला. मग माझ्याकडे बघितलं. “तू इथे भाची म्हणून बसली आहेस की टायपिस्ट म्हणून?”

“दोन्ही.”

“मग दोघीही गप्प बसा.”

खालू हसले. साहेबांनी पॅड मांडीवर घेतलं. “चाचा, लोक काय वाटेल ते बोलतात. मला तुमच्या तोंडून हवंय. डॉक्टर हजला जायच्या आधी तुमच्याकडे आले होते?”

“आले होते.”

“रीतीप्रमाणे माफी मागायला.”

“रीतीप्रमाणे.”

“म्हणजे काही कमीजास्त झालं असेल तर माफ करा, असं.”

“हो. तसंच.”

साहेबांनी लिहिलं. पेनचं टोक कागदावर टेकवून ते थांबले आणि पुढचं काही विचारलं नाही. मला दिसत होतं की ते टोपण लावणार आहेत. खाला रिकामा ट्रे छातीशी धरून उभी होती. एसी बंद पडला आणि पुन्हा सुरू झाला, आणि त्या मधल्या शांततेत खाली गल्लीत कुणीतरी झोपेत खोकल्याचा आवाज आला.

“ता झाला सगळ्यांसाठी,” खालू म्हणाले. “मग तो परत आला.”

खालाने डोळे मिटले.

“चाचा,” साहेब हळू म्हणाले, “मी विचारलेलं नाही.”

“मग विचारा. तो परत आला. एका पायात बूट होता. माझ्या पायाला हात लावून म्हणाला, सुई चुकली, चूक माझी. मी माफ केलं. ता तो घेऊन गेला मक्केला. आता मी इथे म्हणू, तो असं बोललाच नाय? मग तो काय घेऊन गेला?”

साहेबांनी ते लिहिलं. लिहिताना त्यांच्या कपाळावरचा घाम कागदावर पडला आणि एक शब्द पसरला. त्यांनी तो खोडून पुन्हा लिहिला. सही घेतली. जाताना दाराशी खालाला म्हणाले, “भाभी, सरबत छान होतं.” खाला ग्लास उचलून आत गेली.

दावा फेटाळल्याचं पत्र टाइप करायला त्यांनी मला दिलं नाही. स्वतः माझ्या मशीनवर बसून, एका बोटाने, चुकत चुकत टाइप केलं.

डॉक्टर हजहून परतला आणि त्याला सगळं कळलं तेव्हा तो आला. यावेळी खालाने त्याला बसवलं आणि खालूंना बाहेर पाठवलं. तिने त्याला स्पष्ट सांगितलं की माफी त्यांनी दिली, मी नाय. डॉक्टर म्हणाला, हक्क माझ्यावर आहेच, मौलानांनीही तेच सांगितलं. तो पुढे कितीतरी दिवस जमेल तसं देत राहिला, दवाखाना लहान केला, गाडी विकली. पॉलिसीने छतापर्यंतचं जेवढं दिलं असतं त्याच्या जवळपासही ते गेलं नाही. एकटा माणूस कितीसा देणार? विमा असतो तो एकट्याला झेपत नाही म्हणूनच. खालाने दिलेलं घेतलं, लाजली नाही. खालूंनी ते किती, कधी विचारलं नाही.

करार संपला, ते दोघं गावी गेले. मी पुढच्या सुट्टीत गेले तेव्हा खालू खाडीवर तरीच्या, म्हणजे माणसं पलीकडे नेणाऱ्या लाँचच्या, धक्क्याशी एका खुर्चीवर बसून तिकिटं फाडत होते. तरीत चढता येत नव्हतं, पण धक्क्यावर बसता येत होतं. पहाटेचं धुकं होतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता. त्या धुक्यातून आधी इंजिनचा आवाज यायचा आणि मग हळूहळू माणसं उमटायची. खाला दोन घरी भाकऱ्या भाजून दहाला यायची, त्यांचा डबा घेऊन.

“रागावली आहेस अजून?” मी तिला विचारलं.

“रोज,” ती म्हणाली. “डबा देते, तेव्हा जास्त.”

“ते खोटं बोलले असते तर?”

तिने डब्याचं झाकण उघडून बघितलं, पुन्हा लावलं. “तर डॉक्टर सुट्टीला गावी आला की हा माणूस त्याला टाळून धक्क्यावरून पळाला असता. एका पायाने.” आणि मग माझ्यावरच डाफरली, “ता बरोबर हाय म्हणून भाकऱ्या कमी होत नाय.”

दोघंही बरोबर होते आणि नुकसान दोघांचंच झालं होतं. ज्या वाक्याने ते झालं, ते वाक्य अजून तसंच आहे. नोकरी सोडेपर्यंत मी ते टाइप करत होते, आता दुसरं कुणी करत असेल. चूक झालेल्या माणसाने गप्प राहावं, आणि नुकसान झालेल्याने ती गप्प चूक सिद्ध करत बसावं, म्हणजे छताखाली जागा मिळेल. हे वाक्य बदलता येतं. त्याऐवजी एवढंच लिहावं की डॉक्टरने रुग्णाला खरं सांगितलं, म्हणून विमा जाणार नाही. काय खरं ते कंपनीने आपलं तपासावं. साहेबही शेवटी म्हणाले होते की यात कंपनीचं बुडेल असं काही नाही, फक्त कुणी मागितलेलं नाही.

तर मागा. तुम्ही डॉक्टर असाल, तर आज घरी गेल्यावर तुमची पॉलिसी काढा, ती अट शोधा आणि पुढचा हप्ता भरण्याआधी ती बदलून द्या, असं कंपनीला लेखी कळवा. तुम्ही डॉक्टर नसाल, तर तुमच्या नेहमीच्या दवाखान्यात जा. आजारी नसताना जा, गर्दी नसेल अशा वेळी जा. डॉक्टरांना विचारा: तुमच्या हातून माझं काही चुकलं, तर ते मला सांगायची तुम्हाला मुभा आहे का? नाही म्हणाले, तर रागावू नका. त्यांच्या शेजारी बसा आणि कंपनीला ते पत्र त्यांच्याबरोबर लिहा.